रोलरबाई

दोनशे सीसीच्या मोटारसायकलची मूठ पूर्ण पिळून रोलरबाईने काटा एकशेतीसवर नेला, तेव्हा तिच्या नाकातून पुन्हा रक्त यायला लागलं. तिने मूठ सोडली नाही. काटा थरथरायचा थांबेपर्यंत धरायची आणि मगच सोडायची, असा कामाचा नियम होता. रक्त ओठांवरून हनुवटीवर आलं आणि तिथून टाकीवर ठिबकलं. नव्याकोऱ्या लाल टाकीवर ते दिसलंसुद्धा नाही.

काटा स्थिर झाला. तिने मूठ सोडली, इंजिन बंद केलं. मागच्या चाकाखालचे पोलादी रोलर घरघरत मंदावले. फोरमन जवळ आला आणि त्याने तिच्या हेल्मेटची काच वर केली. नाकाचं हाड एका बाजूला सरकलं होतं, डावा डोळा सुजून बंद झाला होता.

"आज कशाने?" त्याने विचारलं.

"हेल्मेटने."

"निदान डोक्यात घालायची वस्तू डोक्यात तरी घालायची," फोरमन म्हणाला. मग आपलाच विनोद त्याला सहन झाला नाही. "घरी जा बाई. आजचं मी बघतो."

"घरीच तर जायचं नाहीये," ती म्हणाली आणि तिने पुढची गाडी आणायला हात केला.

कारखान्यात जुळवून तयार झालेली प्रत्येक मोटारसायकल शेवटी तिच्याकडे येई. पुढचं चाक शिकंज्यात आवळायचं, मागचं रोलरांवर ठेवायचं आणि एकेक गिअर टाकत गाडी तिच्या शेवटच्या वेगापर्यंत न्यायची. एकशेपंचवीसचं छोटं इंजिन शंभरीजवळ धापा टाकायला लागे. दीडशेवाली त्याच्या थोडं पुढे जाई. दोनशे मात्र एकशेतीसपर्यंत कुरकुर न करता पळे. हे झाले रोलरवरचे आकडे. रस्त्यावर त्यातून दहा-बारा वजा करायचे, कारण रस्त्यावर समोर वारा असतो. हा वारा तिला आकड्यापुरता माहीत होता, अंगाला कधी लागला नव्हता. दिवसभर ती वेगात असे आणि जागची हलत नसे. संध्याकाळी बसमध्ये दांडी धरून उभी राही. "रोलरबाई, सव्वाशेने पळता आणि बसने जाता!" असं कारखान्यातली पोरं म्हणत. तीही हसे.

तिचा नवरा याच कारखान्यात चाचणीस्वार होता. त्याला सगळे रेसर म्हणत. नवीन मॉडेल बाजारात जाण्याआधी तो ते कारखान्यामागच्या चाचणीच्या पट्ट्यावर पळवी आणि त्याने काढलेला वेग जाहिरातीत छापला जाई. टाकीवर पोट टेकवून, कोपरं आत घेऊन तो असा सुटे की माणसं जेवणाचे डबे अर्धवट टाकून बघायला येत. तिनेही तसंच बघितलं होतं आणि त्याच्याशी लग्न केलं होतं. पुढे एका चाचणीत तो पडला. डाव्या हाताची दोन बोटं हँडलखाली चिरडली, ती कायमची ताठ राहिली. कंपनीने त्याला सुट्या भागांच्या गोदामात बसवलं. तिथल्या माणसाने काहीतरी थट्टा केली म्हणून त्याने त्याला साखळीने झोडपलं आणि नोकरी गेली.

शेजारणी म्हणत, अपघातानंतर बिचाऱ्याचं डोकं फिरलं. ते खरं नव्हतं. पहिली थप्पड लग्नानंतर लगेचच बसली होती, चहात साखर कमी पडली म्हणून. त्या वेळी त्याची दहाही बोटं शाबूत होती.

आता त्याच्याकडे एक जुनी टू-स्ट्रोक साडेतीनशे होती, दोन सिलेंडरची. तिच्या काळात तिच्यापुढे काही टिकत नसे. तो रोज ती घेऊन गावाबाहेरच्या रस्त्यावर जाई आणि मूठ पिळून धरी. काल संध्याकाळी तो परत आला तेव्हा रोलरबाई दारात उभी होती. गाडी बंद होताना तिने आवाज ऐकला.

"अहो, मूठ एवढा वेळ ओढून धरत जाऊ नका," ती म्हणाली होती. "डावा सिलेंडर फार तापतोय. पिस्टन फुगून अडकेल एक दिवस. चाक जाम होईल."

"जागच्या जागी गाडी चालवणारी मला शिकवणार?" असं म्हणून त्याने हातातलं हेल्मेट फिरवलं. पहिला फटका नाकावर बसला. दुसऱ्याला ती खाली पडली होती, म्हणून तो डोळ्यावर बसला. मुलगी आतल्या खोलीतून धावत आली आणि मध्ये उभी राहिली, तेव्हा तो थांबला. मुलीवर त्याने तोवर कधी हात उचलला नव्हता. रोलरबाईच्या साऱ्या सहनशक्तीचा पाया एवढाच होता.

दुपारी वॉचमन धावत आत आला. "बाई, लवकर चला. तुमची मुलगी आलीये फाटकाशी."

मुलगी शाळेच्या कपड्यांतच होती. डावं मनगट तिने उजव्या हातात धरलं होतं, दुसऱ्याच कुणाची तरी वस्तू सांभाळायला दिल्यासारखं. हात मनगटाशी भलत्याच दिशेला वळला होता.

"रडू नको हं, आई," ती आधीच म्हणाली. "मी त्यांना म्हणाले, आईला परत मारलंत तर पोलिसांत तक्रार देईन. ते म्हणाले, कुठल्या हाताने लिहिणार?" तिचे दात वाजत होते. "मी डावखुरी आहे ना. त्यांना बरोबर माहीत होतं."

रोलरबाई रडली नाही. तिने मुलीच्या कपाळावरचा घाम आपल्या ओढणीने टिपला आणि तिचीच झोळी करून हात गळ्यात बांधला. फोरमन मागून आला होता. त्याने ते मनगट बघितलं आणि खिशातून फोन काढला. "अँब्युलन्स बोलावतो. तुम्ही दोघी आत माझ्या खोलीत बसा."

फोन लागायच्या आत साडेतीनशेचा आवाज आला. रेसरने गाडी फाटकातून सरळ आत घातली. वॉचमन बाजूला उडी मारून केबिनमध्ये शिरला. रेसरच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. खांद्यावर गाडीची जुनी साखळी लोंबत होती.

"चल घरी," तो मुलीला म्हणाला. आवाज अगदी शांत होता. "दोघीही चला. तमाशा पुरे झाला."

"तिला दवाखान्यात न्यायचंय," रोलरबाई म्हणाली.

"मी नेतो. माझी मुलगी आहे."

मुलगी आईच्या मागे सरकली. फोरमन दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला. साठीला आलेला जाड, दम्याचा माणूस. पण हटला नाही. "रेसर, जरा दमानं घे. पोरीचा हात बघितलास का तू? बघ तरी एकदा."

साखळी त्याच्या गालावर आडवी बसली. कातडं फाटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. फोरमन गुडघ्यावर आला आणि दुसरा फटका त्याच्या पाठीवर बसला. तिसरा हातावर, कारण त्याने रेसरचा पाय मिठी मारून धरला होता. "जा!" तो ओरडत होता. तोंडातून रक्त आणि शब्द एकदमच येत होते. "बाई, मागच्या फाटकाने जा! पोरीला घे आणि जा!"

रोलरबाईने मुलीचा चांगला हात धरला आणि ती पळत सुटली.

कामगारांच्या शेडमध्ये तिची स्वतःची दोनशे उभी होती. रंगात डाग राहिलेल्या गाड्या कामगारांना स्वस्तात मिळत, तशीच तिने ही घेतली होती. मुलगी कॉलेजात जाईल तेव्हा तिच्यासाठी. घरी नेली तर रेसर घेईल म्हणून ती इथेच ठेवली होती. जेवणाच्या सुट्टीत ती कारखान्याच्या आवारात फेऱ्या मारून हळूहळू चालवायला शिकली होती. फाटकाबाहेर ती कधी गेली नव्हती.

तिने आपलं हेल्मेट काढून मुलीच्या डोक्यावर बसवलं आणि पट्टा आवळला. "उजव्या हाताने मला घट्ट धर. काही झालं तरी सोडू नको."

"आई, तुला येते का रस्त्यावर?"

"बघू," ती म्हणाली.

मागच्या फाटकाबाहेरच्या पहिल्याच वळणावर दोघी पडता पडता वाचल्या. रोलरवरची गाडी कधी झुकत नाही. ही झुकली. तिने दात आवळून गाडी सावरली. मग रस्ता सरळ झाला आणि तिच्या हातांना ओळखीचं काम मिळालं. दुसरा गिअर, तिसरा, चौथा. मोठा दवाखाना शहराच्या पलीकडच्या टोकाला होता आणि त्याच्याही पुढे तिच्या बहिणीचं घर होतं. एवढंच तिच्या डोक्यात होतं.

आणि वारा आला. इतकी वर्षं ज्याला ती कागदावर वजा करत होती तो वारा. त्याने तिच्या फुटलेल्या नाकावर मारलं, बंद डोळ्याची पापणी उचकटली, तोंडात शिरून श्वास कोंडला, छातीवर दोन्ही हात ठेवून तिला मागे लोटलं. ती टाकीवर वाकली. पोट टेकवलं, कोपरं आत घेतली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने फक्त बघितलं होतं, लग्नाआधी, हातात डबा धरून.

मागून टू-स्ट्रोकचा कर्कश आवाज आला.

"आई, ते आले!"

तिने आरशात बघितलं. निळा धूर आणि त्याच्यापुढे तो. दोनशेवर ओझं दोघींचं होतं. काटा एकशेआठवर जाऊन थांबला आणि पुढे हलेना. साडेतीनशे म्हातारी असली तरी मोठी होती आणि तिच्यावर एकटा माणूस होता. आरशातला चेहरा मोठा होत गेला. एका ट्रकवाल्याने भोंगा वाजवला, तो आवाज जन्मला आणि मागे पडला.

रेसर त्यांच्या बरोबरीला आला. "गाडी थांबव!" तो ओरडला. तिने समोरच बघितलं. त्याने डावा पाय उचलून लाथ घातली. ती मुलीच्या मांडीवर बसली. गाडी हेलकावली, मागचं चाक सरकलं, मुलगी किंचाळली, पण तिची मिठी सुटली नाही. रोलरबाईने हँडल दाबून धरलं. रस्त्याच्या कडेची खडी चाकाखाली तडतडली आणि गाडी पुन्हा डांबरावर आली.

"थांबव म्हणतो ना!" दुसरी लाथ गाडीच्या सांगाड्यावर आदळली.

पुढे पुलाचा लांबलचक चढ सुरू झाला. त्या चढावर तिला तो आवाज ऐकू आला. वाऱ्याखालून, दोन्ही इंजिनांच्या कोलाहलातून, डाव्या सिलेंडरचा कोरडा करकर आवाज. आत धातू धातूला घासत होता. रेसरने मूठ शेवटपर्यंत पिळलेली होती.

"सोड," ती पुटपुटली. "सोड आता. सोड."

"आई, काय सोडू?" मुलीने तिच्या पाठीला चिकटून विचारलं.

"तू नाही! तू धर!"

ती वेग कमी करू शकली असती. तिने केला असता तर त्यानेही केला असता, इंजिन थंड झालं असतं आणि त्याने दोघींना त्या पुलावर गाठलं असतं. तिला हे सगळं एका क्षणात दिसलं आणि तिने मूठ तशीच धरून ठेवली. त्याने तिसऱ्या लाथेसाठी पाय उचलला.

पिस्टन अडकला. आवाज तुटल्यासारखा थांबला आणि त्याच्या जागी टायरची किंकाळी आली. मागचं चाक जाम झालं होतं. अशा वेळी क्लच दाबला तर चाक मोकळं होतं आणि माणूस वाचतो. रेसरला हे कुणापेक्षाही चांगलं माहीत होतं. त्याचा डावा हात क्लचवर गेलाही असेल. पण ती ताठ दोन बोटं वाकली नाहीत आणि उरलेल्या बोटांना वेळ पुरला नाही. साडेतीनशे आडवी झाली, कठड्याला धडकली, उलटली आणि रेसर तिच्याबरोबर, मग तिच्यापासून सुटून, डांबरावर घासत, उडत, पुन्हा घासत गेला.

रोलरबाई पूल ओलांडून गेली. उताराला लागल्यावर तिने गाडी थांबवली.

"जाऊ या, आई," मुलगी म्हणाली. ती हुंदके देत होती. "चल ना. नको बघू. चल."

"तू इथेच बस. कठड्याला टेकून बस."

ती चालत परत गेली. मोटारसायकल पेट्रोल सांडत पडली होती आणि गरम इंजिनाजवळ निळी ज्योत पेटली होती. रेसर त्यापासून फार लांब नव्हता. तिने त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला फरफटत मागे ओढलं. त्याच्या पाठीचं कातडं शर्टासकट रस्त्यावर राहत होतं. तो ओरडलासुद्धा नाही. मागे भडका उडाला आणि तिच्या भुवया होरपळल्या.

ती खाली बसली आणि तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. डोक्याची मागची बाजू तिच्या तळव्याला मऊ लागली. त्याचे डोळे उघडे होते. तो तिला शोधत होता, मग ती त्याला सापडली.

"किती..." तो म्हणाला.

"बोलू नका."

"किती गेली... गाडी?"

दोनशेचा काटा एकशेआठवर होता आणि रेसर तिच्या बरोबरीने होता. तिला आकडा नेमका माहीत होता.

"एकशेवीस," ती म्हणाली.

"हट्," तो म्हणाला. त्याच्या दातांत रक्त होतं. "एकशेपंचवीस... तरी असेल."

"असेल."

त्याने हात उचलला. ती मागे झाली. सवयच होती ती. हात तिच्या गालापर्यंत आला आणि तसाच खाली पडला. तो कशासाठी उचलला होता हे तिला कळलं नाही. पुढेही कधी कळलं नाही. वाहनं थांबली, माणसं उतरली, कुणी पाणी आणलं. अँब्युलन्स आली तेव्हा तो गेला होता.

मुलीच्या मनगटात सळी घालावी लागली. फोरमनच्या गालाला टाके पडले. हसताना त्याचं तोंड एकाच बाजूला जायला लागलं. "आता थोबाडच असं झालंय की माझे विनोद कुणाला कळत नाहीत," असं तो सांगत फिरे. शेजारणी आल्या, गेल्या. त्यातली एक दारातच म्हणाली, "कसाही असला तरी नवरा होता." रोलरबाईने तिला आत बोलावून चहा दिला.

पोलीस चौकीत इन्स्पेक्टरने त्या दिवसाचं सगळं विचारलं. वॉचमनने सांगितलं होतं, ट्रकवाल्यानेही लाथा बघितल्या होत्या. तरी शेवटी इन्स्पेक्टरने पेन खाली ठेवलं.

"एक विचारू का? लिहीत नाही. त्यांची गाडी बिघडलीय हे तुम्हाला कळलं होतं. तुम्ही वेग का नाही कमी केला?"

"नाही केला," ती म्हणाली.

"घाबरलात म्हणून?"

"घाबरले होते," ती म्हणाली. "पण ते त्याचं कारण नव्हतं."

इन्स्पेक्टरने पुढचं विचारलं. "काय आठवतं त्या वेळचं?"

"तो ओरडत होता. मुलगी ओरडत होती. आणि वारा..." वारा चांगला होता, हे त्या खोलीत सांगता येण्यासारखं नव्हतं. "बाकी काही आठवत नाही."

त्याने पेन उचललं नाही. चौकशी संपली आणि पुढे काही दिवसांनी दोनशे घेऊन जायचा निरोप आला.

रोलरबाई आणि मुलगी चौकीच्या आवारात गेल्या तेव्हा गाडीवर धुळीचा थर होता. मागच्या बाजूला सांगाड्यावर बुटाच्या टाचेचा पोचा पडला होता. मुलीने प्लॅस्टरच्या बाहेर आलेल्या बोटांनी तो एकदा चाचपला. रोलरबाईने किल्ली लावली. दिवा लागला, पेट्रोलचा काटा वर आला. तिने बटणावर अंगठा ठेवला आणि तो तसाच ठेवून ती उभी राहिली. गाडी निघाली की वारा येणार होता, आणि तो परत चांगला वाटणार होता. मग किल्ली फिरवून काढून घेतली आणि स्टँड वर केला.

"ढकलू या?" मुलीने विचारलं.

"चल."

एकीने हँडल धरलं, दुसरीने एका हाताने मागून रेटा दिला. रस्त्यावर दुपारची वर्दळ होती. बाजारातून, शाळेसमोरून, लाकडाच्या वखारीवरून त्या दोघी गाडी ढकलत निघाल्या. चढ लागला की मुलगी खांदा लावी. एक स्कूटरवाला शेजारी येऊन हळू झाला.

"पेट्रोल संपलं का हो?"

"नाही, आहे," रोलरबाई म्हणाली.

"मग चालू होत नाहीये? बघू का मी?"

"होते की चालू."

स्कूटरवाल्याने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. थोडा वेळ तो तसाच त्यांच्या चालीने शेजारून येत राहिला आणि मग आपल्या वाटेने निघून गेला. रोलरबाईने हात बदलला, पदर खोचला आणि पुन्हा हँडलवर भार दिला.